पोळ्याला पुन्हा उगवणारा गंज

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यामुळे सेनगाव तालुक्यात, साखरा किंवा त्याच्या आसपासच्या एखाद्या गावात, दारात उभ्या असलेल्या जीपच्या पाटीवर ‘एमएच ३८’ऐवजी ‘एमएच २२’ दिसले, तर त्या गाडीने जिल्ह्याच्या जन्माआधीचा काळ पाहिला आहे असे बहुधा समजायला हरकत नाही. काळी-पिवळी म्हणून माणसे वाहिलेली, हळदीची पोती ओढलेली, वऱ्हाड नेलेली ही गाडी घरातून हलवायला कोणी तयार नसते. इंजिन चालते, गिअर पडतात. नडतो तो पत्रा.

तक्रारही ठरलेली असते. उन्हाळ्यात पैसे मोजून डेंटिंग-पेंटिंग केले, सडलेला पत्रा कापून नवा जोडला, वर चकचकीत रंग मारला. मृगाचे पाणी झाले, श्रावण गेला, आणि पोळ्याच्या सुमारास मडगार्डवर अगदी त्याच जागी रंगाखाली बारीक फोड उठला. नखाने दाबला तर आत तांबूस भुकटी. मालक पेंटरला दोष देतो, पेंटर पत्र्याला. दोघांचेही थोडे थोडे बरोबर असते, पण मुख्य दोषी तिसराच आहे. तो रंगाखाली राहून गेलेला असतो.

गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांचा व्यवहार, एवढे शाळेतल्या तीन खिळ्यांच्या प्रयोगात सर्वांनी पाहिलेले आहे. कोरड्या हवेतला खिळा गंजत नाही, उकळलेल्या पाण्यावर तेलाचा थर दिलेल्या नळीतला गंजत नाही, हवा आणि पाणी दोन्ही मिळालेला गंजतो. त्या प्रयोगात न सांगितलेली गोष्ट अशी, की हा सगळा व्यवहार विजेचा आहे. पत्र्याचा एक भाग लोखंड सोडतो आणि इलेक्ट्रॉन दुसऱ्या भागाकडे पाठवतो. तिथे प्राणवायू ते घेतो. म्हणजे एकाच मडगार्डवर नकळत एक छोटी बॅटरी तयार होते. केंब्रिजमधील रसायनशास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हे पोलादावर मिठाच्या पाण्याचा एकच थेंब ठेवून दाखवले. थेंबाच्या कडेला हवा भरपूर, मध्यभागी कमी. आपल्याला वाटेल की जिथे हवा जास्त तिथे लोखंड खाल्ले जाईल. घडते उलटे. हवा कमी असलेल्या मध्यभागी खड्डा पडतो आणि गंजाचे कडे त्याच्या भोवती जमते.

जुन्या गाडीचे निम्मे दुखणे या एका थेंबात आहे. दोन पत्र्यांमधली फट, ठिगळाखालची जागा, मडगार्डच्या आतल्या कडेला घट्ट बसलेला चिखल ही सगळी ‘थेंबाची मध्ये’ आहेत. बाहेरून हवेशीर दिसणारा पत्रा शाबूत राहतो आणि नजरेआड असलेला पोखरला जातो. म्हणून फोड वर दिसतो तेव्हा गंजाची सुरुवात आतल्या बाजूने होऊन बराच काळ लोटलेला असतो.

काळ्या मातीचा पोल्टीस

गंजाचे नाव काढले की आपल्याला मुंबई, रत्नागिरी, मालवण आठवते. ते चूक नाही; खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर जाते. पण समुद्रापासून इतक्या दूर, जिथे मे महिन्यात दुपारची हवा ओठ फोडते, तिथे गंज इतका का यावा?

हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादाच्या गंजण्याचा वेग एकदम वाढतो, हे व्हर्नन या इंग्रज संशोधकाने १९३०च्या दशकातच दाखवून दिले होते. त्या हिशेबाने आपल्याकडचा उन्हाळा गंजाचा झोपेचा काळ आणि पावसाळा जागेपणाचा. गाडी वर्षातले सात-आठ महिने सुरक्षित असायला हवी. तसे होत नाही, याचे कारण कयाधूच्या खोऱ्यातली आपली काळी माती.

या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि ते सहजासहजी सोडत नाही. कपाशीला, सोयाबीनला हा गुण वरदान आहे. मडगार्डच्या आत, फुटबोर्डाच्या कोपऱ्यात, चॅनेलच्या वर बसलेला त्याच मातीचा गोळा मात्र पत्र्यावर बांधलेल्या ओल्या पोल्टीससारखा काम करतो. बाहेर ऊन पडते, टपावर हात ठेववत नाही, आणि आत दोन बोटे जाडीचा चिखल दसऱ्यापर्यंत ओला राहतो. वर्षाचा कोरडा काळ त्या जागेपुरता रद्द होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलिस जीपमध्ये तर फरशीखालच्या आधारपट्ट्यांच्या पोकळीत लाकडाचे तुकडे बसवलेले असत. ते ओल धरत आणि पट्टी आतून खात. आपल्या गाडीत लाकडाची जागा मातीने घेतली आहे.

दुसरी गोष्ट खताची. पेरणीच्या दिवसांत जीपच्या मागच्या भागातून खताची पोती जातात, एखादे फाटते, चिमूटभर दाणे फरशीच्या सांध्यात जातात आणि विसरले जातात. पोटॅश म्हणून आपण जे वापरतो ते पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनात जवळपास निम्मा वाटा क्लोराइडचा असतो. पत्र्याच्या दृष्टीने ते आणि समुद्राचे मीठ भाऊबंदच. युरिया आणि मिश्रखते हवेतली ओल स्वतःकडे ओढतात, म्हणून पाऊस नसतानाही सांधा दमट राहतो. ज्या गाडीने समुद्र कधी पाहिला नाही तिच्या पत्र्यात समुद्र असा शिरतो.

क्लोराइडचा खरा त्रास पुढे आहे. गंज तयार होताना ते खर्च होत नाही. लोखंड सुटते, गंज बनतो, क्लोराइड मोकळे होऊन पुन्हा पुढच्या लोखंडाला भिडते. खड्ड्याच्या तळाशी ते लोहाच्या क्षाराच्या रूपात बसून राहते. वरून ग्राइंडर फिरवला की पत्रा चांदीसारखा चमकतो आणि सगळ्यांना काम झाले असे वाटते, पण टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यांत मूळ जिवंत असते. त्यावर कितीही महागडा रंग द्या. रंगाचा थर कितीही चांगला असला तरी पाण्याची वाफ थोडी थोडी आत झिरपतेच. खाली क्षार बसलेला असेल तर तो ते पाणी ओढतो, गंज पुन्हा सुरू होतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेत असल्याने रंगाला वर ढकलतो. पोळ्याचा फोड तो हाच.

गॅरेजमध्ये कुठे चुकते

डेंटर-पेंटर मंडळी हाताने कुशल असतात. त्यांच्याकडून होणाऱ्या चुका बहुतेक वेळा घाईच्या आणि पैशाच्या असतात, आणि घाई गिऱ्हाइकाची असते. सडलेल्या जागेवर वरून पत्र्याचे ठिगळ ठेवून वेल्डिंग मारणे ही पहिली चूक. ठिगळ आणि जुना पत्रा यांच्यामध्ये फट राहते, शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने मागच्या बाजूचा रंग जळतो आणि तिथे कोणी पुन्हा पोहोचत नाही. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापावा, नवा तुकडा कडेला कड लावून जोडावा. हे काम वेळखाऊ आहे आणि त्याचे पैसे द्यायला कुरकुर करू नये.

दुसरी चूक लांबीची. पुट्टी म्हणा किंवा लांबी, ती स्पंजासारखी ओल पिते. उघड्या लांबीवर पाणी मारून वॉटर पेपर घासला की ते पाणी आत जिरते आणि रंगाखाली कैद होते. लांबी कोरडीच घासावी. पाणी वापरायचे ते वर प्रायमर बसल्यानंतर. भोकावर जाळी किंवा कागद ठेवून वर लांबी थापणे याला तर दुरुस्ती म्हणूच नये.

तिसरी गोष्ट रेड ऑक्साइडची. लाल प्रायमर मारला म्हणजे गंज थांबला, असा आपल्याकडे ठाम समज आहे. त्यातला लाल रंग म्हणजे लोहाचाच ऑक्साइड, एक प्रकारे गंजाचा सज्जन चुलतभाऊ. तो स्वतः गंज अडवत नाही. जे काही अडते ते त्यातल्या तेल-राळेच्या थराने, आणि तो थर स्वस्त प्रायमरमध्ये पाण्याला फारसा रोखत नाही. पूर्वी पुलांना, जहाजांना जो केशरी-लाल प्रायमर देत तो वेगळा. तो शिशाचा, म्हणजे म्हसोबाला लावतात त्या पारंपरिक शेंदराचाच. तो गंजाला खरोखर अडवत असे, पण विषारी आहे. आज दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमर मिळतो आणि उघड्या पत्र्यावर पहिला थर म्हणून तोच योग्य.

क्रम असा असावा. आधी गाडी खालून, मडगार्डच्या आतून, सांध्यांतून धुऊन सगळी माती काढायची. पपडी सुटणारा गंज तारेच्या ब्रशने आणि खरवडणीने पूर्ण काढायचा. मग, अनेक जण गाळतात ती पायरी: उघडा पत्रा गरम पाण्याने तीन-चार वेळा धुऊन क्षार काढायचे. बोअरचे जड, मचूळ पाणी शेवटच्या धुण्याला नको. त्याचेच क्षार मागे राहतात. साठवलेले पावसाचे किंवा शुद्धीकरण यंत्राचे पाणी घ्यावे आणि पत्रा लगेच गरम हवेने वाळवावा. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. साफ केलेल्या पत्र्याचा थोडा भाग ओलसर करून रात्रभर ठेवा. सकाळी सगळीकडे सारखी तांबूस छटा आली तर ठीक. ठरावीक टिंबांवर गडद ठिपके उमटले, तर तिथे क्षार अजून आहे; पुन्हा धुवायचे. ती छटा पुसून, पत्रा कोरडा करून त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे.

सूक्ष्म खड्ड्यांत राहिलेल्या पातळ गंजासाठी ‘कन्व्हर्टर’ नावाची द्रावणे मिळतात. त्यांतली काही टॅनिनवर चालतात, आणि हे रसायन आपल्याला नवे नाही. हिरड्याचा काढा आणि हिराकस एकत्र करून जुन्या काळी काळी शाई करत. हिरड्यातले टॅनिन लोहाला पकडून न विरघळणारा निळा-काळा पदार्थ बनवते. पोथीवर शतकानुशतके टिकलेले तेच संयुग कन्व्हर्टर लावल्यावर गंजावर काळे पडलेले दिसते. दुसरा प्रकार फॉस्फोरिक आम्लाचा, जो पृष्ठभागावर लोहाचे फॉस्फेट बनवतो. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, त्यामागेही त्या लोखंडातला जास्तीचा फॉस्फरस आणि त्यातून तयार झालेला फॉस्फेटचा थर आहे, असे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासातून दाखवले. मात्र घट्ट बसलेल्या पातळ गंजापुरतेच हे उपाय. पपडीवर कन्व्हर्टर ओतणे म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीला चुना देणे. आणि उरलेले आम्ल नीट धुतले नाही तर वरचा इपॉक्सी धड वाळत नाही.

डालड्याचा डबा आणि जस्ताची बादली

काही थर फक्त झाकतात, काही स्वतः मरून लोखंड वाचवतात. हा फरक घरातल्या दोन वस्तूंनी समजतो. डालड्याच्या पत्र्याच्या डब्यावर कथलाचा मुलामा असायचा, कल्हई असते तोच धातू. डबा नवा असेपर्यंत छान. एक चरा पडला की त्या रेघेत गंज धावत सुटायचा, कारण कथलाशेजारी लोखंडच आधी खाल्ले जाते. उलट जस्ताची बादली आठवा. तळाला ओरखडे पडूनही ती वर्षानुवर्षे टिकते, कारण जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते. जहाजांच्या बाबतीत ही युक्ती हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्येच सुचवली होती. तिथे वाचवायचे होते तांबे.

मोटार कंपन्यांना हे शहाणपण उशिरा आले. पोर्शेने १९७५च्या सुमारास आणि ऑडीने १९८५च्या सुमारास जस्त चढवलेल्या पत्र्याच्या गाड्या बाजारात आणल्या. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी किंवा त्या काळातली जीप साध्या पत्र्याची. म्हणून जुन्या गाडीला वेल्डिंग करताना जोडाच्या कडांवर जस्तयुक्त प्रायमर द्यावा, जोडावर सांधाभरणी करावी, आणि ज्या पोकळ्यांत ब्रश पोहोचत नाही तिथे नळीने मेणाचा किंवा लॅनोलिनचा थर फवारावा. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली स्निग्धता. लोकर धुताना निघणारी ही वस्तू पत्र्याला घट्ट चिकटते आणि पाणी दूर ठेवते.

जळके ऑइल खालून फासण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याने गंज थोडा अडतो, हे खरे. पण रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून पुन्हा तोच पोल्टीस तयार होतो, थेंब जमिनीत आणि पुढे विहिरीत जातात, आणि वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगाशी संबंध असलेली संयुगे असतात. उघड्या हातांनी ते फासणे बंदच करावे. आधीच ओल्या, गंजलेल्या भागावर डांबरी अंडरकोट मारणे त्याहून वाईट. तो ओल आत कोंडतो.

काम कधी करावे, यालाही महत्त्व आहे. पावसाळ्यात नाही, आणि मेच्या कडक उन्हातही नाही. तापलेल्या पत्र्यावर रंगातला थिनर इतका झटकन उडतो की थरात सूक्ष्म छिद्रे राहतात. दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, सकाळचे दव पूर्ण उडाल्यावर, हा आपल्याकडचा चांगला काळ.

पत्र्याआधी फुप्फुस

या स्तंभात हा विषय घेण्याचे दुसरे कारण गाडीखाली झोपून काम करणारा माणूस आहे. जुन्या पिवळ्या, केशरी, लाल रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. भारतात २०१७ पासून ९० पीपीएमची शिशाची मर्यादा लागू झाली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. गाड्यांचे रंग तिच्यात येत नाहीत, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या थरांचा तर प्रश्नच नाही. असा रंग कोरडा घासला की शिसे धुळीतून फुप्फुसात आणि कपड्यांवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत जाते. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा असतो. म्हणून जुना रंग काढताना तो ओला ठेवून काढावा, उघड्या पत्र्यावर आल्यावरच कोरडे काम करावे, चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून वरचा मास्क लावावा. हे काम अंगणात मुले खेळत असताना करू नये आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केले की पांढरा धूर निघतो. तो ओढलेल्या वेल्डरला संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. मलेरिया समजून गोळ्या घेतल्या जातात. तो बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, पण दम लागला तर दवाखाना गाठलाच पाहिजे. यावर दूध प्यावे, धुळीवर गूळ खावा, असे सांगितले जाते. दूध-गूळ जरूर खावे, पण दोन्हींपैकी काहीही मास्कचे आणि मोकळ्या हवेचे काम करत नाही. हार्डनर मिसळून फवारायच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट असतात आणि त्यांनी कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांच्यापुढे निरुपयोगी आहे. घरच्या शेडमध्ये हा रंग फवारण्याचा मोह टाळून ते काम हवा खेचणारी सोय असलेल्या ठिकाणीच द्यावे. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला वेल्डिंग लावू नये. भरलेल्यापेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त घातक असते.

आणि धनुर्वात. गंजलेला पत्रा लागला की धनुर्वात होतो, हे अर्धे खरे आहे. गंजात काही विष नसते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजाणूरूपाने असतात. गोठ्याशेजारी उभ्या गाडीच्या मडगार्डखाली ही दोन्ही असतात, आणि गंजाची दातेरी कड ती जखमेत खोल नेते. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन आरोग्य केंद्रात दाखवावी. पूर्वीचे टीटी, आताचे टीडी इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते सांगावे. चकचकीत नव्या खिळ्यावर माती असेल तर धोका तोच आहे.

गाडी कुठे उभी राहते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. उकिरड्याजवळ किंवा गोठ्यात नको. तिथे अमोनिया आणि क्षार दोन्ही मिळतात. खाली शहाबादी फरशी किंवा विटांचा थर असावा. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळली तर रात्री आत दव साचते; वरून छप्पर आणि चारी बाजूंनी वारा हेच बरे. दरवाज्यांच्या आणि फरशीच्या तळाशी पाणी जाण्यासाठी छिद्रे असतात. ती मातीने बुजतात आणि दरवाजा आतून हौद होतो. पहिल्या पावसाआधी तारेने ती मोकळी करायला दहा मिनिटे लागतात. खोल चिखलातून आल्यावर त्याच दिवशी आतून पाण्याचा झोत मारावा. वाळलेली काळी माती दुसऱ्या दिवशी दगड होते.

मुंबईत पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी कायमची थांबली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. घरातल्या जीपला तशी एकच तारीख नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांनी वाढवता येते, पण तपासणीत उत्तीर्ण व्हावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणीही आहे, मात्र त्या रोजच्या वापरासाठी नसतात.

तपासणीला जाण्याआधी एक काम घरीच करता येईल. स्क्रू ड्रायव्हरचा दांडा घेऊन चासीच्या चॅनेलवर, स्प्रिंग जिथे बसते त्या ब्रॅकेटवर, सीटच्या पायांखाली ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा आहे. बद्द आवाज आला आणि टोक आत शिरले, तर मडगार्डच्या रंगाचा विचार बाजूला ठेवा. ती गाडी माणसे बसवून सेनगावपर्यंतसुद्धा नेऊ नका.